मुळांतली भागीदारी

पाइनची रोपे उष्ण प्रदेशांत नेली, तेव्हा अनेक ठिकाणी ती खुरटली. पाइनच्या रानातली बुरशीयुक्त माती मिळाल्यावर ती वाढीला लागली. पाचोरा तालुक्यातल्या काळ्या शेतजमिनीत पाइन नाही, पण कपाशी-केळीच्या मुळांतही वेगळ्या कुळातली अशीच भागीदार बुरशी राहते. ती पिकाकडून साखर घेते आणि मुळे पोचत नाहीत तिथला स्फुरद आणून देते. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकून पडतो, म्हणून हा व्यवहार मोलाचा. डीएपीसारखे स्फुरदयुक्त खत असताना बुरशी कशाला, हा आक्षेप निम्मा रास्त आहे. बुरशी स्फुरद निर्माण करत नाही. पण तो भरमसाट झाला, की पीकच या भागीदाराला दूर सारते. बाजारातली या बुरशीची, म्हणजे मायकोरायझाची, पुडीही (जिवंत असलीच तर) अशा शेतात फारसे करू शकत नाही. खरिपापूर्वी माती तपासा, मगच खताची गोणी उचला.