सव्वासात म्हणजे किती टक्के?

निकालाचे दिवस आले की बेळगावात घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘किती टक्के पडले?’ नातू सांगतो ७.२५ आणि आजोबा चष्मा कपाळावर सारतात. त्यात आजोबांचा काही दोष नाही. गुणपत्रिकेवर मोठ्या अक्षरात असतो तो सीजीपीए, आणि तो कसा आला हे बऱ्याच मुलांनाही सांगता येत नाही.

आधी हिशेब बघू. यूजीसीच्या दहा गुणांच्या मोजपट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, नुसता पास ४ आणि नापास ०. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. श्रेणीचे गुण क्रेडिटने गुणायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा गणित ४ क्रेडिटचं, त्यात बी. प्रोग्रॅमिंग ४ चं, त्यात ए. इलेक्ट्रॉनिक्स ३ चं, बी प्लस. लॅब १ क्रेडिटची, तिथे ओ. गुणाकार २४, ३२, २१ आणि १०, बेरीज ८७, भागिले १२, उत्तर ७.२५. क्रेडिट न बघता नुसती सरासरी काढली तर ७.७५ येते आणि घरात उगाच पेढे वाटले जातात! लॅबमधला ओ देखणा खरा, पण वजन एकाच क्रेडिटचं. गणितात बीचा बी प्लस झाला असता तर हाच आकडा ७.५८ झाला असता.

ही झाली एका सेमिस्टरची एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरची मिळून सीजीपीए, आणि तीही क्रेडिटच्या वजनानेच काढायची.

आता आजोबांचा प्रश्न. कुणी सीजीपीएला १० ने गुणतो, कुणी ९.५ ने. हे ९.५ आलं सीबीएसईच्या दहावीतून, इंजिनिअरिंगशी त्याचा संबंध नाही. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. थोडक्यात, ०.७५ वजा करून १० ने गुणायचं. आपल्या व्हीटीयूच्या २०१८ च्या स्कीमलाही हेच सूत्र होतं. मुंबई विद्यापीठाचं गणित वेगळं. स्कीम बदलली की सूत्रही बदलू शकतं, म्हणून आपल्या स्कीमचं परिपत्रक काढून वाचा, सीनियरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाऊ नका.

यात खरा धोका नोकरीच्या अर्जात आहे. कंपनीची अट ६० टक्क्यांची आणि तुमचा सीजीपीए ६.५. दहाने गुणून ६५ लिहिलेत, पण विद्यापीठाच्या सूत्राने होतात ५७.५. ऑफर लेटर मिळाल्यावर कागदपत्रं तपासली जातात, तेव्हा ‘मला वाटलं’ असं म्हणून भागत नाही. माझं मत विचाराल तर फॉर्ममध्ये सीजीपीएचा रकाना असेल तिथे सीजीपीएच लिहावा. टक्के मागितलेच तर विद्यापीठाच्या सूत्राने काढावेत आणि परिपत्रकाची प्रत जवळ ठेवावी. परदेशी विद्यापीठाच्या अर्जातही आपल्या मनाने ४ च्या मोजपट्टीवर आकडा बसवू नका, तिथे काय मागितलंय ते नीट वाचा.

दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी आणखी एक आकडेमोड आजच करावी. समजा पूर्ण पदवी १६० क्रेडिटची आहे, चार सेमिस्टरमध्ये ८० झाले आणि सीजीपीए ६.५ आहे. म्हणजे गाठीला ५२० गुण. शेवटी ७.५ हवा असेल तर एकूण १२०० लागतील. उरलेले ६८० गुण ८० क्रेडिटमध्ये मिळवायचे, म्हणजे पुढच्या प्रत्येक सेमिस्टरला सरासरी ८.५. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे. हाच ६.५ सहा सेमिस्टरनंतर, १२० क्रेडिटवर असेल तर राहिलेल्या ४० क्रेडिटमध्ये सरासरी १०.५ लागते, आणि मोजपट्टी १० लाच संपते.