पिंग आधी दिसू द्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या पोरांना पिंग म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. डाव ऐन रंगात आलेला असतो, स्क्रीनच्या कोपऱ्यातला पिंगचा हिरवा आकडा लाल होतो, समोरचा गडी जागच्या जागी गोठतो, आणि तो पुन्हा हलू लागतो तोवर आपला खेळ आटोपलेला असतो. ‘लॅग झाला’ म्हणत पोरं पुढचा डाव लावतात. मला यात एकच गोष्ट खटकते. हा आकडा त्यांना डावात उतरल्यावर दिसतो. तो आधी दिसायला हवा. कॉम्प्युटरवरच्या खेळांत ही सोय जवळपास तीस वर्षांपूर्वीच आली.

१९९६ साली ‘क्वेक’ आला, तेव्हा ज्याला जमेल तो आपल्या मशीनवर सर्व्हर चालवायचा. पण कुठला सर्व्हर चालू आहे, त्यावर कोण खेळतंय, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता. ती अडचण ‘क्यूस्पाय’ नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने चालू सर्व्हरची यादी दाखवून सोडवली. त्याचंच पुढे ‘गेमस्पाय’ झालं. मग फिनलंडहून ‘ऑल-सीइंग आय’ आलं, लिनक्सवाल्यांसाठी ‘एक्सक्यूएफ’ आलं, आणि नंतर खेळांच्या आतच ही यादी मिळू लागली. नेट कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ खेळलेल्यांना ती खिडकी आठवत असेल. सर्व्हरचं नाव, चालू असलेला मॅप, ३२ पैकी १४ खेळाडू, आणि शेवटच्या रकान्यात पिंग.

ही यादी भरते कशी, ते बघण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर आधी एका मुख्य सर्व्हरकडून सगळ्यांचे पत्ते मागवतं. मग प्रत्येक पत्त्यावर आपल्याच मशीनवरून एक छोटी विचारणा पाठवतं. उत्तर यायला जितका वेळ लागला, तितका त्या सर्व्हरचा पिंग, मिलिसेकंदांत. म्हणजे हा आकडा कुठल्या कंपनीने जाहिरातीत छापलेला नाही. तो तुमच्या घरातून, तुमच्या नेटवर, त्या क्षणी मोजलेला असतो. रिफ्रेश दाबल्यावर नीट पाहिलं, तर लवकर पोहोचणारे सर्व्हर आधी उगवतात आणि युरोप-अमेरिकेतले रेंगाळत येतात.

सिरोंचासारख्या ठिकाणी या मोजमापाला फार किंमत आहे. नकाशात सरळ रेघ मारली तर हैदराबाद इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मुंबई साडेसातशेच्या. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला त्याला आठ मिलिसेकंदही पुरे. मग पिंग दीडशेवर का जातो? कारण आपला डेटा नकाशावरच्या रेघेने जात नाही. तो टॉवरवर रांगेत थांबतो आणि कंपनीच्या जाळ्यातून ती नेईल तिकडून जातो. प्राणहिता नदीपलीकडच्या मित्राचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल, तर त्याच्याशी खेळतानाही डेटा एखाद्या महानगराला वळसा घालून येऊ शकतो. राज्याच्या सीमेवरच्या अशा गावांत फोन कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. अशा वेळी कुठला सर्व्हर आज आपल्याला जवळ आहे, हे अंदाजाने सांगता येत नाही. मोजूनच बघावं लागतं.

आणि नेमकं हेच मोजमाप खेळाडूच्या हातून काढून घेतलं गेलं. २००९ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ने कॉम्प्युटरवरही खेळाडूंनी चालवायचे स्वतंत्र सर्व्हर बंद केले. लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, पण कंपनी बधली नाही. आज मोबाइलवरच्या मोठ्या खेळांत बटण दाबायचं, की यंत्रणा तुमची जोडी लावून देते. त्याचा फायदा मी नाकारत नाही. नवशिक्याला बरोबरीचे गडी मिळतात, पत्ते शोधत बसावं लागत नाही. पण ही व्यवस्था ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांच्या बेताने आखलेली आहे. सिरोंच्याच्या पोराला आपण कुठे जोडले गेलो हे सहसा कळत नाही, आणि कळलं तरी बहुतेक वेळा बदलता येत नाही.

यादीतही खोट असते, हे खरं. गर्दी दिसावी म्हणून काही जण बॉट म्हणजे बनावट खेळाडू घालून आकडे फुगवतात. शिवाय मुख्य सर्व्हर बंद झाला की यादीच नाहीशी होते. गेमस्पाय ३१ मे २०१४ रोजी बंद झालं, तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्या अनेक जुन्या खेळांचे ऑनलाइन डाव थांबले. त्यातले काही चाहत्यांनी स्वतःचे मुख्य सर्व्हर उभारून पुन्हा सुरू केले. म्हणून मी पोरांना खुल्या सॉफ्टवेअरचे खेळ सुचवतो. ‘झोनॉटिक’ लॅपटॉपवर चालतो. पूर्वी ‘माइनटेस्ट’ नावाने ओळखला जाणारा ‘लुआंटी’ साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतो, फुकट आहे आणि त्यात सर्व्हरची यादी समोर येते.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सर्व्हर आपला आपण चालवता येतो. जुन्या यादीत ‘लॅन’ नावाचा एक टॅब असे. तो फक्त खोलीतल्या जाळ्यात कोण आहे एवढंच विचारायचा. त्याला इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात कुठेतरी रस्ता खोदताना केबल तुटली, गावाचं नेट दोन दिवस गेलं, तरी एका लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करून फोनच्या हॉटस्पॉटवर चार-पाच जण खेळू शकतात. लुआंटीत लॅपटॉपचा पत्ता टाकला की झालं. पिंग एक आकडी किंवा फार तर थोडा वर.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली जिल्हा आहे. तिचे उपग्रह काहीशे किलोमीटरवरून फिरतात. जुन्या पद्धतीचे उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर असतात आणि तिथून उत्तर यायलाच अर्धा सेकंद जातो. पिंगमध्ये फरक मोठा पडावा. तो पडला का, हे पोरांनी सर्व्हरच्या यादीत स्वतः बघावं, घोषणेवर जाऊ नये.

२०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. आता जिल्ह्याजिल्ह्यांत स्पर्धा होतील. माझं आयोजकांना आग्रहाचं सांगणं आहे, की गडचिरोलीतल्या फेऱ्या घरबसल्या ऑनलाइन घेऊ नका. सिरोंच्यात किंवा आलापल्लीत एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात लॅन सर्व्हर मांडा आणि सगळ्यांना त्यावर बसवा. ऑनलाइन घ्यायचीच असेल, तर फेरीआधी सर्व्हरचा पत्ता द्या, दोन्ही बाजूंचा पिंग मोजून नोंदवा, आणि फरक फार असेल तर सर्व्हर बदला.