परसातल्या टोमॅटोवरची अळी



गेल्या माघात रोहे तालुक्यात कोलाडजवळच्या एका गावी गेलो होतो. काम वालाच्या शेतावर होते. ते आटोपून चहाला एका घरी थांबलो, तर घरातल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, आधी परसात चला. फुले भरभरून येतात, फळे धरतात, पण एकही टोमॅटो धड हाती लागत नाही."

परसात अठरा झाडे होती. झाडे जोमदार, पाने हिरवीगार, पण दर दोन फळांआड एकाला वाटोळे भोक. घरधनी पंप घेऊन उभेच होते. भातावरच्या खोडकिड्यासाठी आणलेल्या औषधाची बाटली थोडी उरली होती, तीच पंपात ओतायची तयारी चालली होती. आणि त्यांचा चार वर्षांचा नातू झाडाचा एक लाल टोमॅटो तोडून सदऱ्याला पुसत होता.

मी म्हटले, "दादा, हे औषध आत्ता मारलेत, तर उद्या सकाळी या पोराला परसात येऊ देणार नाही का?"

त्यांनी पोराकडे पाहिले आणि पंप खाली ठेवला. आजचा लेख या प्रसंगावरूनच लिहीत आहे.

अळी ओळखावी कशी?

टोमॅटोचे फळ पोखरणारी ही अळी म्हणजे आपल्या ओळखीची घाटे अळी. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडे हे सारे तिला चालते. आपल्याकडे भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरतात. त्या वालाच्या शेंगांवरही ती पडते. म्हणून ज्यांच्या परसाला लागून वाल आहे, त्यांनी पोपटीचे दिवस आले की टोमॅटोकडेही रोज पाहावे.

हिचा पतंग रात्रीचा फिरतो. मादी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, फुलांजवळ एकेक सुटे अंडे घालते. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, पिवळसर पांढरे. तीन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघते. पहिले काही दिवस ती कोवळी पाने कुरतडते आणि मग फळात शिरते. डोके फळात आणि मागचे अंग बाहेर, अशी ती बसलेली दिसते. रंग कधी हिरवा, कधी तपकिरी, पण दोन्ही अंगांना लांब रेघा असतात. एक फळ पुरते खाऊन ती थांबत नाही. एक सोडून दुसऱ्यात शिरते, म्हणून एकटी अळी कित्येक फळे नासवते. दोन-तीन आठवड्यांनी ती झाडाखालच्या मातीत उतरून कोष करते आणि त्यातून पुन्हा पतंग निघतो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अळी फळात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ते फळाच्या सालीवर राहते आणि तिथून आपल्या आमटीत येते. म्हणजे अळी वाचते आणि विष आपल्या पोटात जाते. उपाय करायचा तो अळी फळात शिरण्यापूर्वी.

दहा-वीस झाडांना हातच पुरे

बाजारासाठी एकरभर टोमॅटो असेल तर गोष्ट निराळी. परसात दहा-वीस झाडे असली तर सकाळी पाणी घालताना पाव तास काढावा. शेंड्याची पाने उलटसुलट पाहावीत. अंडे दिसले तर बोटाने चिरडावे. अळी दिसली की वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. झाडांवर काही फवारलेले नसेल तर कोंबड्यांपुढे टाकावी, त्या आनंदाने खातात. भोक पडलेली फळे तोडून खोल पुरावीत. ती उकिरड्यावर टाकली तर आतली अळी तिथेच वाढते आणि तिचा पतंग परत आपल्याच झाडावर येतो.

पानाखाली कापसासारख्या तपकिरी लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला, तर ती तंबाखूची पाने खाणारी अळी. तिची पिले प्रथम एकाच पानावर गोळा होऊन पान चाळणीसारखे करतात. तेवढे एक पान तोडले की शेकडो अळ्या एकदम जातात.

झाडांमध्ये दोन-तीन आडव्या काठ्या उंच बांधाव्यात. कोतवाल, साळुंकी, दयाळ त्यांवर बसून अळ्या टिपतात. राख धुरळण्याची चाल जुनी आहे. पानांवरच्या बारीक किडींना तिचा थोडा उपयोग होतो, पण फळात डोके खुपसलेल्या अळीला राखेचे काही वाटत नाही.

झेंडू हा सापळा आहे

टोमॅटोभोवती झेंडू लावावा हे पुष्कळांना ठाऊक आहे. पतंगाला झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालायला आवडते. मात्र टोमॅटोला फुले येतील तेव्हा झेंडूही फुलला पाहिजे. त्यासाठी टोमॅटोची रोपे पंचवीस दिवसांची असतील, तेव्हा सोबत झेंडूची पंचेचाळीस दिवसांची रोपे लावतात. शेतात टोमॅटोच्या सोळा ओळींना झेंडूची एक ओळ, परसात कडेने पाच-सहा झाडे पुरतात. आणि सापळ्यात उंदीर पडला की तो काढावा लागतो, तशाच झेंडूवरच्या अळ्याही वेचाव्या लागतात. नाहीतर आपण शत्रूला घर बांधून दिले असे होते.

फवारणी करायचीच झाली तर

अळ्या हाताबाहेर गेल्या, तर प्रथम निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावा, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि त्याच संध्याकाळी फवारावा. आपल्याकडे कडुनिंब घाटावरच्यासारखा दारोदार नाही. निंबोळी मिळाली नाही तर दुकानातले कडुनिंबाचे तयार औषध घ्यावे. अळीला रोग आणणारे घाटे अळीचे विषाणू आणि बीटी जिवाणू यांची औषधेही मिळतात. लहान अळ्यांवर ती चांगली लागू पडतात. उन्हाने त्यांचा जोर कमी होतो, म्हणून तीही संध्याकाळीच मारावीत. प्रमाण वेष्टनावर दिले असेल तेच घ्यावे.

भातावरचे, आंब्यावरचे उरलेले औषध परसात मुळीच आणू नये. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर बंदी आहे. बाटलीवरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये हेही पाहावे. टोमॅटो एकदा पिकू लागला की एक-दोन दिवसांआड तोडावा लागतो. तेवढे दिवस थांबणे परसात जमत नाही, हे लक्षात घ्यावे. २०१७ साली यवतमाळकडे कापसावर फवारणी करताना विषबाधेने कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मोठी माणसे होती आणि उघड्या रानात होती. परसात तर आपली पोरे खेळतात.

पानांवर नागमोडी रेषा

पानांत नागमोडी रेषा आणि मोठे वाळके डाग, फळावर टाचणीएवढी भोके असतील, तर ती टुटा नावाची नागअळी. दक्षिण अमेरिकेतली ही कीड भारतात प्रथम २०१४ साली महाराष्ट्रातच सापडली. अशी पाने तोडून जाळावीत. झाड खुजे होऊन पाने गोळा झाली, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला रोग. ते झाड उपटून पुरावे. ओळख पटत नसेल तर अळी किंवा पान पिशवीत घालून पेण किंवा रोह्याच्या तालुका कृषी कार्यालयात अथवा रोह्याजवळ किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.

हंगाम संपला की झाडे उपटून माती खणून उन्हात तापू द्यावी. कोष वर येतात, पक्षी ते वेचतात. त्या जागी लगेच वांगी-मिरची लावू नये.

त्या दिवशी आम्ही तिघांनी अर्ध्या तासात एकतीस अळ्या वेचल्या. बाटली दादांनी वर माळ्यावर कुलपात ठेवली. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या वाटेने गेलो, तर वहिनींनी पदरात पाच-सहा टोमॅटो आणून दिले आणि म्हणाल्या, "साहेब, आता सकाळच्या अळ्या नातूच वेचतो. मोजून कोंबड्यांना घालतो."