बाराव्या वर्षींचा करंडक

गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या सभागृहांत आंतरशालेय बॅडमिंटनचे सामने झाले, तेव्हां प्रेक्षकांत विद्यार्थ्यांपेक्षां पालकांचीच गर्दी अधिक होती. ही गोष्ट आनंदाची खरी, परंतु सामना हरून बाहेर आलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीस तिच्या वडिलांनीं सर्वांदेखत "एवढा पैसा ओतला तो यासाठींच काय?" असें विचारिलें, आणि ती बिचारी मान खालीं घालून बुटाची नाडी सोडीत बसली, हें दृश्य कांहीं केल्या डोळ्यांपुढून जात नाहीं. त्या प्रश्नास तिच्याजवळ उत्तर नव्हतें. तिच्या वतीनें तें देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. पालकवर्गानें तो रागावून न जातां वाचावा, एवढीच विनंति.

हा खेळ आपणांस परका नाहीं. इंग्रज लष्करी अधिकारी पुण्याच्या छावणींत तो खेळत. त्याचे आरंभींचे नियमही १८७३ च्या सुमारास तेथेंच लिहिले गेले असें सांगतात, आणि कांहीं काळ त्यास 'पूना' असेंच नांव होतें. सांगलीस जन्मलेले नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धेंत एकेरीचें अजिंक्यपद मिळविलें. परदेशांत असा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय बॅडमिंटनपटू होत. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, नाटेकर आधीं टेनिस खेळत. ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेंत अंतिम सामन्यांत रामनाथन कृष्णन यांनीं त्यांस हरविलें, आणि त्यानंतर त्यांनीं आपलें सर्व लक्ष बॅडमिंटनकडे वळविलें. हल्लींच्या हिशेबानें पाहिलें तर त्यांची गाडी केव्हांच सुटून गेली होती!

हल्लींचा हिशेब असा: सातव्या-आठव्या वर्षीं मुलाच्या हातीं रॅकेट द्यावी, दुसरे सर्व खेळ बंद करावे, आणि तेरा वर्षांखालील गटांत करंडक आला नाहीं तर मूल वायां गेलें असें समजावें. यांत चूक कोठें आहे तें मैदानावरच पाहूं. एकेरीचें मैदान ४४ फूट लांब व १७ फूट रुंद असतें. शटल, ज्यास आपलीं मुलें फूल म्हणतात, सोळा पिसांचें आणि सुमारें पांच ग्रॅम वजनाचें. तें आपल्या मागच्या रेषेपासून समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत पोंचविण्याचें बळ ज्याच्या खांद्यांत व मनगटांत आहे, तो लहान गटांत बहुधा जिंकतो. कारण प्रतिपक्षाचें फूल मधेंच पडतें, आणि त्यावर जोराचा फटका मारला कीं गुण मिळाला. हें बळ पुष्कळदां कौशल्याचें नसून उंचीचें असतें. आणि उंची कोणास अकराव्या वर्षीं येते, कोणास पंधराव्या. सतराव्या वर्षीं फूल मागच्या रेषेपर्यंत सर्वांचेंच पोंचतें. मग सामन्याचा निकाल लावितात ते पाय. कोपऱ्यांत जाऊन तोल न ढळतां मध्यावर परत येणारे पाय, आणि शेवटच्या क्षणापर्यंत आपला बेत न सांगणारें मनगट. या दोन गोष्टी सहासात वर्षांच्या संथ सरावानें येतात, आणि त्या येत असतांना करंडक येतोच असें नाहीं.

आपल्याच गांवांतील एक मुलगा मला आठवतो. बाराव्या वर्षीं तो वर्गांत सर्वांहून वीतभर उंच होता. घरांतील कांचेचें कपाट करंडकांनीं भरलें. नववींत असतां त्याची शाळा जवळजवळ सुटली. सकाळ-संध्याकाळ सराव, आणि शनिवार-रविवार कोठल्या तरी गांवीं सामने. त्याचा फटका जोराचा, म्हणून त्याचे पाय कोणीं कधीं पाहिलेच नाहींत. सोळाव्या वर्षीं, ज्यांना तो सहज हरवीत असे तींच मुलें त्याला चारही कोपऱ्यांत पळवूं लागलीं. गुडघा दुखत होता, तो त्यानें लपविला. अठराव्या वर्षीं रॅकेट कपाटाच्या माथ्यावर गेली, आणि हातांत ना खेळ ना परीक्षा, अशी त्याची स्थिति झाली. त्याच्या वडिलांस मी दोष देत नाहीं. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतों.

आतां जे शिखरावर पोंचले त्यांचीं वयें पाहावीं. प्रकाश पदुकोण यांनीं बंगळुरास लग्नकार्यासाठीं भाड्यानें दिल्या जाणाऱ्या सभागृहांत सराव केला. राज्याच्या ज्युनिअर स्पर्धेंत ते प्रथम उतरले तेव्हां पहिल्याच फेरींत हरले. ऑल इंग्लंड स्पर्धा त्यांनीं जिंकली ती १९८० सालीं, चोवीस वर्षांचे असतां. पुल्लेला गोपीचंद यांनीं तीच स्पर्धा २००१ सालीं जिंकली, तेव्हां ते सत्तावीस वर्षांचे होते, आणि मधल्या काळांत त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पी. व्ही. सिंधू २०१२ सालीं आशियाई ज्युनिअर विजेती झाली खरी, पण जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद तिला कधींच लाभलें नाहीं. जगज्जेतेपद मात्र २०१९ सालीं, चोविसाव्या वर्षीं लाभलें. उलट उदाहरणेंही आहेत, तीं लपवितां कामा नयेत. २००८ सालीं पुण्यास बालेवाडींत भरलेली जागतिक ज्युनिअर स्पर्धा जिंकणारी सायना नेहवाल चार वर्षांनीं लंडन ऑलिंपिकमध्यें कांस्यपदकाची मानकरी झाली. डेन्मार्कचा व्हिक्टर आक्सेलसेन २०१० सालीं ज्युनिअर जगज्जेता होता, आणि पुढें दोनदां ऑलिंपिक सुवर्णपदक त्यानें मिळविलें. परंतु ती स्पर्धा एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची असते, बारा वर्षांच्या बालकांची नव्हे. करंडकास माझा विरोध नाहीं. तो कोणत्या वयांत मोजावा, एवढाच वाद आहे.

खरी पारख पंधरा ते वीस या वयांत होते, आणि नेमकीं तींच वर्षें आपल्याकडे दहावी-बारावीचीं. शरीरही त्याच सुमारास, किंवा त्याच्या थोडें आधीं, झपाट्यानें वाढतें. हाडें पुढें जातात, स्नायू मागें राहतात, टाच आणि गुडघ्याखालचा भाग दुखूं लागतो. अशा वेळीं सराव कमी करणें हा आळस नव्हे. त्यांतच ज्युनिअर गटांत पहिला असलेला मुलगा मोठ्यांच्या गटांत जाऊन पहिल्या फेरींत हरूं लागतो, आणि एखादें-दुसरें वर्ष निव्वळ हरण्यांत जातें. याच वर्षीं त्याला आधार हवा असतो. आणि याच वर्षीं, बाराव्या वर्षीं टाळ्या वाजविणारे कोणीच दिसत नाहींत.

पालकांनीं बारातेरा वर्षांपर्यंत मुलास खोखो, पोहणें, फूटबॉल, जें आवडेल तें खेळूं द्यावें. पळणें आणि उडी कोणत्याही खेळांत शिकतां येते. सामन्यानंतर "जिंकलास का?" याऐवजीं "मागच्या कोपऱ्यांतून वेळेवर परतलास का?" असें विचारून पाहावें, उत्तर देतांना मुलाचा चेहरा निराळा दिसतो. क्रीडागुणांच्या आशेनें खेळविणारांबद्दल मला विशेष कांहीं म्हणावयाचें नाहीं, गुण मिळाले कीं तीं मुलें आपोआप थांबतात. पण जन्मतारखेंत फेरफार करून लहान गटांत उतरविणारे जे आहेत, ते स्वतःच्या मुलाचें बळ चोरतात. त्या मुलास बरोबरीच्यांशीं लढण्याची संवय लागतच नाहीं.

शाळेकडेही थोडें मागणें आहे. पिसांचीं फुलें महाग, आणि चारदोन सामन्यांत तीं झडून जातात. मध्यम स्थितीच्या घरास हा खर्च जड होतो. शाळेनें फुलें पुरविलीं नाहींत तरी चालेल, पण पावलांच्या सरावास फूल लागतच नाहीं. रिकामी जागा आणि पाहणारा शिक्षक पुरतो. आपल्या सभागृहांत सध्यां एका बाजूस मोडकीं बाकें रचलीं आहेत. तीं हलवून सकाळीं सहा वाजतां किल्ली मिळण्याची व्यवस्था झाली, तर पहिल्या तासापूर्वीं दहाबारा मुलें तेथें सराव करूं शकतील. अकरा वर्षांची ती मुलगी येईन म्हणाली आहे. तिच्या वडिलांनाही मीं बोलाविलें आहे, बघत बसण्यासाठीं.