दिव्यावरचे पाहुणे आणि पोहरा नदी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं बेसा येथील घरांच्या ओसरीवर दिव्याभोंवतीं पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते, आणि ‘दिवा मालवा, पानें वाढलीं आहेत’ अशी आंतून हांक येते. मालवण्यापूर्वीं वाचकांनीं एकदां नीट पाहून घ्यावें. या गर्दींत बहुतेक वाळव्या असतात. त्या जमिनींतून निघतात व पंख गाळून मोकळ्या होतात. नदीशीं त्यांचा संबंध नाहीं. परंतु पंख शिडासारखे उभे धरून, शेपटीशीं दोन वा तीन लांब तंतु मिरवीत एखादा नाजूक कीटक भिंतीवर बसलेला आढळला, तर तो पाण्याचा निरोप समजावा. इंग्रजींत त्यास मे-फ्लाय म्हणतात.

याचें बालपण पाण्यांत, दगडांखालीं वा गाळांत, पुष्कळदां महिनोन्महिने चालतें. पंख फुटल्यावरहि तो पुन्हां एकदां कात टाकतो. ही तऱ्हा इतर कोणत्याहि हयात कीटकांत नाहीं. प्रौढ झाल्यावर त्यास खाण्याजोगें तोंडच नसतें. कांहीं तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, लग्न लावून, पाण्यांत अंडीं टाकून तो संपतो. विलायतेंतील गळाचे शौकीन पिसांची व रेशमाची याचीच प्रतिमा आंकड्यावर बांधून ट्राउट मासा फसवितात, आणि कोणत्या सांजेस कोणता कीटक उडेल याच्या टांचणवह्या ठेवतात.

ट्राउट इंग्रजांनीं इ. स. १९०० च्या सुमारास काश्मिरांत आणून रुजविला. नागपुरीं तो जगावयाचा नाहीं. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर साडेसातच. आमच्या आटत्या, कोमट डोहांत तग धरतात ते वर येऊन हवा घेणारे मरळ आणि मागूर. (आपल्यापैकीं पुष्कळ घरांत मासळीचें नांवहि निघत नाहीं, हें मी जाणून आहें.)

नाग व पिवळी यांची तिसरी बहीण पोहरा नागपुरच्या दक्षिण अंगानें, बेसाच्या बाजूस वाहते. शहराचें सांडपाणी तिच्यांत उतरतें. तें कुजवितांना सूक्ष्म जंतु प्राणवायु खाऊन टाकतात. उन्हाळ्यानें आधींच उणा झालेला सांठा रात्रीं तळास जातो. मग मे-फ्लायचें पिल्लूं गुदमरतें आणि त्याची जागा लाल अळी घेते. तिची लाली आपल्या रक्तांतल्याप्रमाणें हिमोग्लोबिनाची. त्याच्याच बळावर ती काळ्या चिखलांत दम धरते. तिचीं चिलटें डासासारखीं दिसतात, चावत मात्र नाहींत. सकाळीं ओसरीवरून झाडूनें भरावीं लागतात तीं पुष्कळदां हींच.

मे-फ्लायच्या सर्व जाती सारख्या नाजूक नसतात. कांहीं डबक्यांतहि वाढतात. तेव्हां एका कीटकावरून नदीची परीक्षा करणें उतावीळपणाचें होईल. घरांतील मुलांनीं मृगापासून दर आठवड्यास एका ठराविक रात्रीं दिव्याखालीं पांढरा पंचा पसरावा, आणि कोण किती आले तें अर्धा तास पाहून तारीखवार लिहावें. सुटींत पेंचच्या बाजूस एखाद्या खडकाळ ओढ्याकांठीं मुक्काम घडला, तर तोच पंचा तेथेंहि पसरावा.