विश्लेषण : आयर्लंडमध्ये चांगले चायनीज, भारतीय ‘टेकअवे’ शोधणे अवघड का? ‘स्पाइस बॅग’पासून शेफच्या परमिटपर्यंत…

आयर्लंडमधील जवळपास प्रत्येक गावात एक चायनीज टेकअवे सापडते. डब्लिन, कॉर्क, गॉलवे यांसारख्या शहरांत भारतीय टेकअवेही मुबलक आहेत. तरीही भारतातून किंवा चीनमधून नव्याने आलेल्या व्यक्तीची तक्रार ठरलेली असते, ‘दुकाने खूप, पण चव आपली नाही’. २०१६च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ११,४६५ भारतीय नागरिक होते. २०२२मध्ये ही संख्या ४५,४४९ झाली, म्हणजे जवळपास चौपट. त्यात महाराष्ट्रातून शिकायला आणि नोकरीसाठी गेलेले तरुणही आहेत. मग एवढे खाणारे वाढूनही चांगले जेवण शोधावे का लागते? याचे उत्तर चवीइतकेच इतिहास, व्हिसाचे नियम आणि कर यांत दडले आहे.

‘स्पाइस बॅग’ म्हणजे काय?

बटाट्याचे चिप्स, कुरकुरीत तळलेले चिकन, सिमला मिरची, कांदा आणि वरून मीठ-मिरचीचा मसाला. हे सगळे कागदी पिशवीत भरून हलवायचे, की झाली स्पाइस बॅग. २०१०च्या सुमारास डब्लिनच्या टेम्पलओग उपनगरातील एका चायनीज टेकअवेमध्ये ती प्रथम तयार झाली, असे मानले जाते. २०२५मध्ये या शब्दाला ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशातही जागा मिळाली. तिच्याइतकाच लोकप्रिय दुसरा प्रकार म्हणजे ‘थ्री-इन-वन’. यात फ्राइड राइस, चिप्स आणि पिवळसर करी सॉस एकाच डब्यात येतात. हे दोन्ही पदार्थ चीनमध्ये शोधून सापडणार नाहीत.

मग हे जेवण ‘खोटे’ चायनीज का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आयर्लंडमधील जुन्या चायनीज टेकअवेंची मुळे प्रामुख्याने हाँगकाँग आणि कँटनी भाषकांच्या स्थलांतरात आहेत. ब्रिटनमार्गे आलेल्या या कुटुंबांनी गिऱ्हाइकाला चिप्स आवडतात हे ओळखले आणि मेन्यू तसा बदलला. भारतातही नेमके हेच घडले. १९७५मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन तयार केले, असे सांगितले जाते. आज महाराष्ट्रातील नाक्यानाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर मिळणारे मंचुरियन चीनमध्ये कोणी ओळखणार नाही. पुण्याहून गेलेल्या विद्यार्थ्याला डब्लिनचे चायनीज ‘वेगळे’ लागते, तेव्हा त्याच्या मनातली तुलना चीनशी नसते. ती घराजवळच्या गाडीशी असते.

भारतीय मेन्यू सगळीकडे सारखाच का?

कोर्मा, टिक्का मसाला, मद्रास, विंदालू, बाल्टी… आयर्लंडमधील बहुतांश भारतीय टेकअवेंच्या मेन्यूवर हीच नावे दिसतात. हा साचा ब्रिटनमधील ‘करी हाऊस’मधून आला. ती करी हाऊस मोठ्या प्रमाणावर आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातून आलेल्या लोकांनी उभी केली. या पद्धतीत कांद्याची एकच मूळ ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात आधी शिजवून ठेवली जाते. ऑर्डर आली, की त्यात क्रीम, टोमॅटो किंवा मिरची घालून वेगवेगळे पदार्थ काही मिनिटांत तयार होतात. कमी माणसांत, कमी वेळात भरपूर ऑर्डर पुऱ्या करण्यासाठी हा उपाय उत्तम, पण त्यामुळे दहा पदार्थांची चव एकमेकांसारखी लागते.

विंदालूचे उदाहरण बोलके आहे. गोव्यातला विंदालू हा पोर्तुगीजांच्या वाइन आणि लसूण घातलेल्या मांसाच्या पदार्थातून आला. गोव्यात त्यात व्हिनेगर आणि मसाले आले, आणि आंबटपणा ही त्याची ओळख बनली. टेकअवेच्या मेन्यूवर मात्र विंदालू म्हणजे फक्त ‘सर्वांत तिखटांपैकी एक’. कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू त्याहून तिखट. एका पदार्थाचे नाव तिखटपणा मोजण्याची पट्टी होऊन बसले.

‘आपल्यासारखे’ जेवण मग कुठे मिळते?

दुकान कोणासाठी शिजवते, यावर ते ठरते. डब्लिनच्या पार्नेल स्ट्रीट आणि कॅपल स्ट्रीट परिसरात २०००नंतर चीनच्या मुख्य भूमीतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या गर्दीवर अनेक खाणावळी उभ्या राहिल्या. तिथे स्पाइस बॅगऐवजी हाताने ओढलेले नूडल्स, हॉटपॉट आणि डम्पलिंग मिळतात. भारतीयांबाबतही असेच झाले. आयर्लंडच्या आरोग्य सेवेत केरळमधील परिचारिका मोठ्या संख्येने आल्या आणि डोसा, अप्पम, बिर्याणी विकणारी दुकाने उपनगरांत दिसू लागली. ल्युकन, ब्लँचर्डस्टाउन, टाला यांसारख्या भागांत भारतीय कुटुंबे राहतात. त्यामुळे शहराच्या मध्यभागी पर्यटकांसाठी असलेल्या झगमगीत रेस्टॉरंटपेक्षा या भागांतील किराणा दुकानाला लागून असलेले साधे काउंटर अनेकदा सरस ठरते.

ओळखायचे कसे? मेन्यू छोटा आहे का, प्रांताचे नाव घेऊन पदार्थ लिहिले आहेत का, आणि त्या समाजाची माणसे तिथे स्वतः जेवताना दिसतात का, या तीन गोष्टी ॲपवरील ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतात. कारण तारे देणारा ग्राहक बहुतेकदा स्थानिक असतो आणि तो कोर्मा चांगला होता की नाही, हे सांगत असतो.

चांगला स्वयंपाकी मिळणे अवघड का?

युरोपबाहेरून शेफ आणायचा, तर वर्क परमिट लागते. आयर्लंडने २०१८मध्ये शेफच्या काही श्रेणी परमिटसाठी अपात्र असलेल्या यादीतून बाहेर काढल्या. तरीही दोन अडसर राहिले. पहिला, ‘५०:५० नियम’. परमिटसाठी अर्ज करणाऱ्या मालकाकडील किमान निम्मे कर्मचारी युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिक असावे लागतात. चार माणसांच्या टेकअवेला हे गणित जमवणे सोपे नाही. दुसरा, पगार. सर्वसाधारण परमिटसाठीचे किमान वार्षिक वेतन जानेवारी २०२४मध्ये ३० हजार युरोंवरून ३४ हजार युरो करण्यात आले. कामगाराच्या दृष्टीने ही वाढ योग्यच. पण छोटा मालक मग खास शेफऐवजी तयार ग्रेव्ही, तयार सॉस आणि गोठवलेल्या समोशांकडे वळतो. ग्राहकाला ‘चव नाही’ असे वाटते, त्यामागे अनेकदा हा हिशेब असतो.

ॲप आणि करांचा परिणाम किती?

गरम टेकअवे अन्नावरील मूल्यवर्धित कर २०११मध्ये ९ टक्के झाला, २०१९मध्ये १३.५ टक्के, करोनाकाळात नोव्हेंबर २०२०मध्ये पुन्हा ९ टक्के आणि सप्टेंबर २०२३मध्ये पुन्हा १३.५ टक्के. ऑक्टोबर २०२५च्या अर्थसंकल्पात तो जुलै २०२६पासून ९ टक्के करण्याची घोषणा झाली. दुसरीकडे किमान वेतन २०२५मध्ये ताशी १३.५० युरो होते, ते जानेवारी २०२६पासून १४.१५ युरो झाले.

त्यात डिलिव्हरी ॲपचे कमिशन. बाजारात जस्ट ईट, डिलिव्हरू आणि उबर ईट्स हे मोठे खेळाडू आहेत. २०२५मध्ये डिलिव्हरू अमेरिकेच्या डोअरडॅशने, तर जस्ट ईटची मूळ कंपनी प्रोससने घेतली. भारतातील स्विगीमध्येही प्रोससची मोठी गुंतवणूक आहे. कमिशन भरून काढण्यासाठी अनेक दुकाने ॲपवर दर वाढवून लावतात. त्यामुळे थेट फोन करून ऑर्डर देणे आणि स्वतः जाऊन घेणे ग्राहकाला स्वस्त पडू शकते आणि दुकानालाही परवडते.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

टेकअवे हे अनेक भारतीय विद्यार्थ्यांचे पहिले कामाचे ठिकाणही असते. ‘स्टॅम्प २’ परवान्यावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, तर ठरलेल्या सुट्ट्यांच्या काळात ४० तास काम करता येते. मात्र, या परवान्यावर स्वयंरोजगार चालत नाही. ॲपचे रायडर साधारणपणे स्वयंरोजगारी मानले जातात, त्यामुळे दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन डिलिव्हरी करणे व्हिसा धोक्यात आणू शकते. ऑक्टोबर २०२३मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉमिनोज पिझ्झाची एक फ्रँचायझी चालवणाऱ्या कंपनीचे चालक करासाठी कर्मचारीच आहेत, असा निकाल दिला. त्यामुळे या क्षेत्रात ‘कर्मचारी कोण’ हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

टेकअवेचा धंदा रात्रीचा आहे, हेही विसरता येत नाही. भारतीयांवरील हल्ल्यांनंतर १ ऑगस्ट २०२५ रोजी डब्लिनमधील भारतीय दूतावासाने नागरिकांना निर्मनुष्य भागांत, विशेषतः अवेळी जाणे टाळण्याचा सल्ला दिला होता. रात्री उशिरा शटर ओढून घरी निघणाऱ्या कर्मचाऱ्याला हा सल्ला पाळता येईलच, असे नाही.

स्वच्छता कशी तपासायची?

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे बेलफास्टसारख्या शहरात, ० ते ५ असे स्वच्छतेचे गुणांकन दारावर लावणे २०१६पासून बंधनकारक आहे. डब्लिनमध्ये मात्र अशी दारावरची पाटी नसते. तिथे अन्न सुरक्षा प्राधिकरण बंद करण्याचे आदेश दिलेल्या दुकानांची नावे आणि कारणे संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. ती यादी पाहणे हाच सोपा मार्ग. शेंगदाणे, तीळ, ग्लुटेन यांसह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती दुकानाने लेखी देणे आवश्यक आहे. घरगुती डबे विकणाऱ्यांनाही अन्न व्यवसाय म्हणून नोंदणी करावी लागते.

पुढे काय?

भारतीयांची संख्या वाढते आहे, तसा प्रादेशिक पदार्थांना ग्राहक मिळतो आहे. मागणी आता पुरेशी आहे; प्रश्न शिजवणाऱ्याचा आहे. कर कमी झाल्यावर उरलेला पैसा चांगल्या स्वयंपाक्यावर खर्च होतो की भाडे आणि कमिशनमध्ये जातो, यावर पुढच्या काही वर्षांतली चव ठरेल.