घरात गहू पेरला का रे?

मागच्या दिवाळीत मामांना सांगितलं, घरात आग विझवायचे तुषार बसवतोय, स्वतःच. मामा पानाला चुना लावत होते. म्हणाले, "का रे, घरात गहू पेरला का?" सगळी बैठक हसली. मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना. यात हसण्यासारखं नेमकं काय होतं?

रब्बीत हिंगोलीहून सेनगावकडे जा नाहीतर कळमनुरीकडे, हरभऱ्यात आणि गव्हात तुषार संच फिरताना दिसतात. पाईप जोडणं, चोंदलेलं नोझल साफ करणं शाळकरी पोरालाही येतं. सरकार अल्पभूधारकाला त्यावर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देतं. आणि तेच पीक घरी आलं की? सोयाबीनची पोती, हळद, गॅसची टाकी आणि झोपलेली लेकरं, सगळं एका पत्र्याखाली. तिथं आग विझवायला एक बादली!

चार वर्षांपूर्वी आमच्या भावकीतलं एक घर असंच गेलं. मीटरजवळची वायर तापली, पोत्यांनी पेट घेतला. बंब नगरपरिषदेचा, म्हणजे तालुक्याहून येणार. तो आला तोवर पत्रे खाली बसले होते. म्हातारी वाचली ती शेजारच्या पोरानं भिंतीची जाळी तोडली म्हणून. बंबवाल्यांना मी दोष देत नाही. तीस किलोमीटर म्हणजे तीस किलोमीटर.

बैठकीतला दुसरा आक्षेप होता, "एक पेटलं की सगळे सुरू होतील, माल भिजेल." हे सिनेमात होतं. खऱ्या तुषाराच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते, आत द्रव. उष्णतेनं तो फुगतो, कुपी फुटते, पाणी सुटतं. ज्याच्याखाली आग, तोच फुटतो. बाकीचे गप्प. अमेरिकेत पार्मली नावाच्या पियानोवाल्यानं १८७४ मध्ये आपल्या कारखान्यासाठी असलं यंत्र केलं, म्हणजे कल्पना काही कालची नाही. आणि भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं हो, जळालेलं नाही.

आता मामांच्या बाजूनंही बोलतो, कारण मीसुद्धा आधी मूर्खपणा करणार होतो. शेतातला जुना संच काढून छताला लटकवायचा, झालं! तसं करू नका. तो काळा पाईप आगीत आधी वितळेल. शेतातल्या नोझलला कुपी नसते, म्हणजे कोणीतरी जागं राहून कॉक फिरवायचा. जागं माणूस असतं तर बादलीनंही भागलं असतं.

खरी अडचण पाण्याची नाही, दाबाची आहे. घरगुती तुषार साधारण मिनिटाला ५० लिटर पाणी टाकतो. दोन फुटले तरी हजार लिटरची टाकी दहा मिनिटं पुरते, आणि दहा मिनिटांत घर रिकामं होतं. पण त्याला निदान अर्धा किलो दाब लागतो, म्हणजे टाकी तुषारापासून पाच मीटर उंच हवी, पाईपातली घट धरून आणखी थोडी वर. आपली टाकी असते छतावर, मीटर-दीड मीटर उंचीवर. त्या दाबानं पाणी गळेल, आग विझणार नाही. मोटर लावावी तर शॉर्टसर्किटच्या आगीत पहिली जाते ती लाईट. म्हणून एकतर उंच लोखंडी स्टँड, नाहीतर वेगळ्या बॅटरीवरचा पंप. मी स्टँड निवडला. गावात त्याला लोक मचाण म्हणतात, म्हणू देत.

अजून एक गोष्ट, जी मुंबईच्या दुकानदारानं मला सांगितली नाही. कुपीच्या रंगावरून ती किती अंशांना फुटते ते कळतं. लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३. ऑफिसांच्या छताला बहुधा लाल असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय भट्टी असते ते तुम्हाला माहीत आहे. लाल लावली असती तर एखाद्या दुपारी आग नसतानाच घर धुऊन निघालं असतं!

आणि कायदा? महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यात परवानाधारक एजन्सी आहे, दर जानेवारी-जुलैत द्यायचं प्रमाणपत्र आहे. पण हे सगळं मोठ्या इमारतींसाठी. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली, तेव्हा ऑडिटची चर्चा झाली ती रुग्णालयांच्या. व्हायलाच हवी होती. पत्र्याच्या घरातलं लेकरू मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. माझ्या चार खोल्यांसाठी औंढ्याच्या पलीकडे कोणती एजन्सी येणार? मग "जाणकाराकडूनच करून घ्या" हा सल्ला शहरातल्यांनी एकमेकांना द्यावा. आम्हाला पाना हातात घ्यावाच लागतो. निदान तो कसा धरायचा एवढं तरी कुणीतरी सांगा. गव्हावर अनुदान देणाऱ्या खात्याला एक स्टँड आणि चार कुप्या जड आहेत का?

असो. माझं काम अजून अर्धवटच आहे. स्टँड उभा राहिला, टाकी चढली, लोखंडी पाईपही आले. स्वयंपाकघरातल्या पत्र्याखाली थर्मामीटर बांधून ठेवलाय. परवा दुपारी अडीच वाजता ६१ दाखवत होता. पिवळ्या कुप्या परत केल्या, हिरव्या मागवल्यात. मामा काल येऊन खालून वर बराच वेळ बघत होते. जाताना म्हणाले, "गोठ्यावर लावायला किती लागतील रे?"